कोरड्या हवेची सुखं

एप्रिलच्या मध्यावर नाशिकचा पारा दुपारी ३८-३९ अंशांवर असतो आणि मुंबईचा ३३-३४वर. तरी सुट्टीला मुंबईहून आलेला पाहुणा नाशिकरोडला उतरला की म्हणतो, ‘‘तुमच्याकडे बरंय, घाम नाही.’’ घाम नाशकातही येतो. तो अंगावर थांबत नाही, एवढाच फरक. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला वसलेल्या या शहरात चैत्र-वैशाखातल्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांपर्यंत उतरते. अशी तहानलेली हवा जिथे ओल सापडेल तिथून ती उचलून नेते. कपड्यांतून, कातडीतून, माठाच्या अंगातून, गच्चीवर घातलेल्या कुरडईतून.

नाशिकची उन्हाळ्यातली जवळजवळ सगळी घरगुती सुखं या कोरडेपणावर उभी आहेत, असं मला ठामपणे वाटतं. आणि ती सुखं एकट्याने भोगायची म्हणून घडलेलीच नाहीत. काही एकट्या माणसाच्या हातून होत नाहीत, काही एका घराला पुरून उरतात. म्हणून त्यांच्याबरोबर वाटून घेण्याची रीतही आपोआप आली.

आधी माठाचं बघू. माठाच्या भिंतीला डोळ्यांना न दिसणारी लक्षावधी छिद्रं असतात. आतलं पाणी त्यांतून झिरपून बाहेरच्या अंगावर येतं आणि तिथून त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला तिशीच्या आसपासच्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ही उष्णता बरीचशी माठातल्या उरलेल्या पाण्यातूनच जाते. १० लिटरच्या माठातलं पाव लिटर पाणी असं उडून गेलं, तर उरलेलं पाणी हिशेबाने १४-१५ अंशांनी गार व्हायला हवं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही, कारण बाहेरची गरम हवा पाण्याला सतत उष्णता देत असते. पण घशाला कळेल इतकं ते नक्की उतरतं.

हे उतरणं कुठवर, तेही हवाच ठरवते. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यात धरला, तर तो जिथे थांबेल त्याच्या खाली माठाला जाता येत नाही. हवा ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर हा तळ साधारण २१ अंशांवर असतो. मुंबईच्या ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी तो २७ अंशांच्याही वरच अडतो. नाशकात पाण्याला १७ अंशांची उतरण मिळते, मुंबईत जेमतेम पाच-साडेपाच अंशांची. म्हणून एकाच कुंभाराचे दोन माठ दोन शहरांत वेगवेगळे वागतात. खिडकीत लावलेला कूलर नाशकात जीव निववतो आणि समुद्रकाठी खोलीत नुसता दमटपणा वाढवतो, त्याचंही कारण हेच.

माठ वाऱ्याच्या वाटेत, सावलीत, तिवईवर ठेवावा. कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवला तर त्याचं अर्धं अंग वाया जातं. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार छिद्रांत साचत जातात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात माठ ‘गार करेनासा’ होतो. त्याला साबण लावू नये. नारळाच्या शेंडीने नुसत्या पाण्याने घासावं, आणि तरी भागलं नाही तर नवा आणावा. कुंभाराचा वर्षाचा मोठा धंदा या दोन-तीन महिन्यांतच होतो. पाण्यात वाळ्याची जुडी सोडायची ती वासासाठी. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. त्यांतलं सुगंधी तेल ओल लागली की हळूहळू सुटतं. कूलर येण्याआधी वाळ्याचे पडदे दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडत. आत येणारी हवा पडद्यातून येताना गारही व्हायची आणि सुगंधीही.

घरंही याच हवेचा अंदाज घेऊन बांधलेली होती. जुन्या नाशकात आणि पंचवटीत जे वाडे अजून उभे आहेत, त्यांच्या विटा-मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. दुपारची उष्णता अशा भिंतीतून आत पोहोचायला बरेच तास लागतात. तोवर सूर्य मावळलेला असतो. मधला चौक रात्रीची गार हवा धरून ठेवतो आणि सकाळी उशिरापर्यंत ती खोल्यांना पुरवतो. म्हणून वाड्यातली माणसं दुपारी आत, माजघरात, आणि रात्री बाहेर अशी राहत. रात्री आत झोपायचं नाही, कारण दिवसभर पोटात घेतलेली उष्णता भिंती तेव्हा परत करू लागतात.

त्या वेळी गच्चीचा उपयोग व्हायचा. हवेतली पाण्याची वाफ जमिनीतून निघणारी उष्णता अडवून धरते. नाशकाच्या आकाशात उन्हाळ्यात ती फार नसते, ढगही नसतात, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री उघड्या आभाळाकडे भराभर उष्णता सोडून देते. एप्रिलमध्ये पहाटेचं तापमान २०-२२ अंशांवर येतं. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशी निवली की सतरंज्या टाकायच्या आणि शेजारपाजारच्या चार घरांनी एका ओळीत झोपायचं, ही रीत आत्ताआत्तापर्यंत होती. पहाटे पांघरूण ओढून घ्यावं लागे. सप्तर्षी, चित्रा, स्वाती ही नावं मुलांना इथेच आडवं पडल्यापडल्या कळत.

पण गच्चीचं खरं वैभव दिवसा असायचं. वाळवणाचे दिवस आले की अख्खी गल्ली कामाला लागे. कुरडया, साबुदाण्याच्या चिकोड्या, बटाट्याचा कीस, सांडगे, शेवया. मालेगाव-सटाण्याकडच्या घरांत लसूण-मिरची-तीळ घातलेले ज्वारीचे बिबडे. आणि नागलीचे पापड. नागली म्हणजे नाचणी. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या डोंगरउतारांवर ती पिकते आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, गव्हा-तांदळाच्या कितीतरी पट जास्त. तिचा गडद तपकिरी पापड तळून, भाजून, नुसता कच्चा तेल लावून, कसाही खावा.

या सगळ्यांत कुरडई मला सगळ्यात शहाणी वाटते. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. एवढ्यात ते जरासे आंबतात, दाणा मऊ होतो आणि आतला पिठूळ भाग कोंड्यापासून सुटतो. मग वाटून, गाळून चोथा वेगळा काढायचा आणि पांढरा चीक रात्रभर निवळू द्यायचा. सकाळी वरचं पिवळसर आंबूस पाणी ओतून टाकलं की खाली घट्ट थर बसलेला असतो. ते जवळजवळ शुद्ध गव्हाचं सत्त्व. जेवढा चीक तेवढं पाणी उकळायला ठेवायचं, मीठ-हिंग घालायचं आणि चीक ओतून न थांबता घाटायचं. साठ-पासष्ट अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि बघता बघता पातळ चीक चकाकणारा, लाटण्याला ओढ देणारा गोळा होतो. इथे हात आखडला की गाठी झाल्याच.

आणि इथेच कुरडई एकटीचं काम राहत नाही. शिजलेला स्टार्च गार झाला की आवळतो, कडक होतो. मग तो सोऱ्यातून उतरत नाही. एकीने चुलीवर घाटायचं, दुसरीने गरम गोळा सोऱ्यात भरायचा, तिसरीने दाबून प्लॅस्टिकच्या कागदावर किंवा धोतरावर गोल चवंगा टाकायचा, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. म्हणून आज जोशीकाकूंकडे, उद्या आहेरमावशींकडे, परवा आपल्याकडे अशी सावड ठरायची. शेतात जशी एकमेकांच्या वावरात कामाला जाण्याची सावड, तशीच ही गच्चीवरची. पोरांची नेमणूक कावळे हाकायला. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक, वर तूप-साखर. ज्याने तो खाल्लाय त्याला मी वेगळं काही सांगायला नको, आणि ज्याने खाल्ला नाही त्याने या वर्षी कुणाच्या तरी गच्चीवर वेळेत हजर व्हावं.

दोन कडक उन्हांत कुरडई खणखणीत वाळते. तिच्यात इतकी थोडी ओल उरते की बुरशीला जगायला जागा राहत नाही, म्हणून डब्यात वर्षभर टिकते. पण ती ओल अगदीच शून्य नसते. कडकडीत तेलात पडल्यावर आतल्या त्या थेंबभर पाण्याची क्षणात वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि कुरडई तिप्पट फुलते. आभाळ आलं तर मात्र सगळं बिघडतं. अलीकडे मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट नाशिक जिल्ह्याला वारंवार गाठू लागली आहे. द्राक्ष आणि कांद्याच्या नुकसानीची बातमी होते, गच्चीवर आंबलेल्या वाळवणाची होत नाही. पण ज्या बायका बचत गटातून कुरडया-पापड विकतात त्यांच्यासाठी तेही पीकच आहे. घरी करायला माणसं नसतील तर वाळवण या गटांकडून घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. ते काम अजून चार बायका मिळूनच करतात.

हीच कोरडी हवा जिल्ह्याचा उन्हाळ कांदाही जपते. डिसेंबर-जानेवारीत लावलेला, मार्च-एप्रिलमध्ये निघालेला हा कांदा पातीसकट शेतातच सुकवतात. मान आवळली, वरची पत्ती कोरडी झाली की तो हवेशीर चाळीत चार-सहा महिने राहतो. पावसाळ्यात लावलेल्या लाल कांद्याला ते जमत नाही. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारांचं वर्षभराचं गणित या सुकण्यावर उभं आहे. लासलगावचा उल्लेख आंब्यासाठीही करायला हवा. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२मध्ये विकिरण केंद्र उभारलं ते कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. पुढे २००७ साली भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो याच केंद्रातून. विकिरणाने कोयीतल्या किडीची वाढ थांबते, म्हणून ती प्रक्रिया ही अमेरिकेची अट होती. कोकणचा हापूस अशा रीतीने नाशिक जिल्ह्याची वाट धरून परदेशी गेला.

घरातला उन्हाळा मात्र कैरीपासून सुरू होतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघरी हळदीकुंकू चालतं. दारात चैत्रांगण, गौरीपुढे कलिंगडाची कमळं, आलेल्या बाईला मोगऱ्याचा गजरा, हातावर अत्तर, ओटीत भिजवलेले हरभरे, वाटीत कैरीची डाळ आणि पेल्यात पन्हं. या यादीतली एकही गोष्ट महाग नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटायची, किसलेली कैरी, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी. डाळ शिजवायची नाही, कारण या दिवसांत चुलीपुढे उभं राहायला नको. पन्ह्यात कैरीची आंबटाई, गूळ आणि चिमूटभर मीठ असतं. घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ परत मिळतं आणि साखरेमुळे आतड्यातून ते लवकर शोषलं जातं. जुलाब झालेल्या मुलाला देतात त्या मीठ-साखर-पाण्यामागचं तत्त्व हेच आहे. गूळ मोजून घालावा. फार गोड पन्हं तहान भागवत नाही.

कैरी इथे चिवड्यातही पडते. नाशिकचा चिवडा कोरडा खायचा नसतो. वर बारीक चिरलेला कांदा आणि कैरीच्या फोडी हव्यात. संध्याकाळी ‘गंगेवर’ जाऊन, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, भेळभत्त्याचा पुडा चौघांत फिरवायचा, हा तर या शहरातला सगळ्यात स्वस्त उत्सव.

वैशाखात पेठ, हरसूल, त्र्यंबककडच्या बाया करवंदं घेऊन शहरात येतात. पानांच्या द्रोणात काळी करवंदं, पुढे जांभळं, आळू. ही करवंदं कुणी लावलेली नसतात. काटेरी जाळ्यांतून ती एकेक तोडावी लागतात, चीक हाताला चिकटतो, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत टोपली भरून गाडी गाठावी लागते. त्या द्रोणाच्या किमतीवर घासाघीस करू नये.

आणखी एक सुख आता दुर्मीळ झालंय, ते म्हणजे फिरवायच्या भांड्यातलं आइस्क्रीम. लाकडी बादली, आत धातूचा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो. प्रमाण नेमकं साधलं तर हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. आत आटवलेलं दूध फिरत राहिलं की बर्फाचे स्फटिक मोठे होत नाहीत, म्हणून ते जिभेला मऊ लागतं. दांडा सुरुवातीला लहान मुलं फिरवतात, अर्ध्या तासाने तो मोठ्या माणसालाही हलत नाही. घट्ट होत आल्याची तीच खूण. भांडं गल्लीत एकाचं, दूध दुसऱ्याचं, मीठ-बर्फ वर्गणीतून. आणि झालेलं आइस्क्रीम ठेवायला जागा नसल्यामुळे तिथल्या तिथे संपवणं भागच. फ्रीजरने ही घाई संपवली आणि त्या घाईपायी गोळा होणारी माणसंही पांगली.

मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर जुनं नाव परत आणलं, पण फुलांशी असलेलं नातं सुटलं नाही. गुलाब आजही इथल्या शेतातून बाजारात जातो. घरच्या बागेची उन्हाळ्यातली मालकी मात्र मोगऱ्याकडे आहे. त्याला भरपूर ऊन लागतं. हिवाळ्याच्या शेवटी छाटणी करून थोडे दिवस पाणी तोडलं आणि मग शेणखत देऊन पाणी सुरू केलं की नव्या फुटीवर कळ्या लागतात. कळी संध्याकाळी उमलते, कारण तिचं गिऱ्हाईक रात्रीचं आहे. पांढरा रंग आणि तीव्र वास हे पतंगांना अंधारात वाट दाखवण्यासाठी. उन्हाळ्यात शेजाऱ्याला ओंजळभर फुलं द्यायची आणि पावसाळ्यात फांदी, कारण मोगऱ्याची फांदी ओल्या हवेत चांगली मुळं धरते. नाशकातल्या कित्येक मोगऱ्यांचं कूळ शोधत गेलं तर चार घरं पलीकडच्या एकाच जुन्या झाडाशी पोहोचेल.

कोरड्या हवेत झाडांनाही सांभाळावं लागतं. मातीची कुंडी माठासारखीच झिरपते, म्हणून मुळं गार राहतात, पण पाणी लवकर संपतं. मातीवर दोन-तीन इंच पालापाचोळा पसरला तर पाण्याचा खर्च ठळकपणे कमी होतो. मोठ्या झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरलेलं एक मडकं भरून ठेवलं तर ते मुळांना लागेल तसं पाणी देत राहतं. सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देतो तेव्हा कुंड्यांचा परिच्छेदभर इतिहासही त्याला सांगावा. कोणत्या झाडाला किती पाणी हे माहीत नसलेला भला माणूस कोरफड कुजवतो.

आणि बागेत दुपारी कान द्यावा. सगळे पक्षी गप्प झाले की तांबट सुरू होतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल ठिपका. टुक, टुक, टुक, एकाच लयीत, मिनिटन् मिनिटं. चोच न उघडता, गळा फुगवून तो हा आवाज काढतो. भांड्यांवर पडणाऱ्या हातोडीवरून त्याला नाव मिळालं. जुन्या नाशकातल्या तांबट लेनने आणि भांडी बाजाराने हे दोन्ही आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहेत. वड, पिंपळ, उंबराची फळं हा तांबटाचा आहार. वडांवरून नाव मिळालेल्या पंचवटीत तो नसता तरच नवल. आमराईतला कोकीळ सर्वांना ठाऊक आहे, पण कुहू घालणारा नर असतो, काळा; ठिपकेदार मादीच्या वाट्याला ते गाणं नाही.

माणसांचं गाणं मात्र संध्याकाळचं. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगण आहे. सटाण्याचे मामलेदार असताना दुष्काळात सरकारी खजिना उघडून भुकेल्यांना वाटणारे म्हणून लोकांनी ज्यांना देव मामलेदार म्हटलं, त्यांच्या नावाचं. शंभरी ओलांडलेली नाशिकची वसंत व्याख्यानमाला मे महिन्यात याच पटांगणावर भरते. मोसम व्याख्यानांचा असला तरी मधूनमधून गाणं असतंच. दिवसा चटके देणारे घाटाचे दगड आठ वाजेपर्यंत बसण्याजोगे होतात, पश्चिमेचा वारा सुटतो, आणि शेतकी, आरोग्य, कविता, अर्थकारण यांवर शेकडो माणसं उघड्यावर बसून ऐकतात. पाऊस किंवा घाम यांची धास्ती असती तर महिनाभर उघड्यावर असं काही चालवता आलं नसतं.

नाशिकच्या गाण्याचं एक मोठं नाव याच मे महिन्यातलं आहे. द. वि. पलुस्कर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशकात झाला. वडील पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं दरबारातून आणि घराण्यांच्या बंद दारांतून सामान्य घरांत आणलं, आणि उत्तरायुष्यात नाशकात रामनाम आधाराश्रम उभारला. १९३१मध्ये ते गेले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. वडिलांचे शिष्य विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला घडवलं. चौतिसाव्या वर्षी हा गायक गेला, तरी त्याच्या भजनांची गोडी अजून ओसरलेली नाही. पंचवटीत पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे.

उन्हाळ्याच्या दुपारी ऐकायचे राग सारंग कुळातले. वृंदावनी सारंगात गंधार आणि धैवत नाहीत. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. मधमाद सारंगात फक्त कोमल निषाद: सा, रे, म, प, नी. आणि पावसाळ्यातला मेघ याच पाच स्वरांचा आहे. फरक सगळा लावण्यात. सारंगात रिषभ सरळ, उजेडात उभा असतो. मेघात तो मध्यमाचा स्पर्श घेऊन डुलतो, आवाज खालच्या सप्तकात गडगडतो. दुपारी बाराच्या मैफली फारशा होत नाहीत, म्हणून सारंग हा घरात ऐकायचा राग आहे. खिडक्या लावून, जमिनीवर आडवं होऊन, एकदा मधमाद आणि लगेच मेघ लावून बघावा. शेजारच्या मुलांनाही बोलावावं. हा फरक कळायला शिक्षण लागत नाही.

बागलाण, मालेगाव, कळवण, देवळ्याकडे उन्हाळ्याचं गाणं वेगळं. तिथे अक्षय्य तृतीया म्हणजे आखाजी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि अहिराणी गाणी एकीने उचलायची, बाकीच्यांनी झेलायची. गौराई बसते, सांजोऱ्या होतात, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडते. त्या दिवशी घरात पाण्याने भरलेली घागर पुजतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आणि पितरांना पाणी देतात. मेलेल्यांची तहान आठवण्याचा हा दिवस उन्हाच्या ऐन मध्यावर येतो.

जिवंतांच्या तहानेबद्दल शेवटी लिहितो. करवंदं आणणाऱ्या बायांची गावं पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या डोंगरात आहेत. इगतपुरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पण खाली काळा कातळ, वर तीव्र उतार; पाणी मुरायच्या आत वाहून जातं, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच डोंगरातल्या पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी बायका मैल मैल चालतात. आपल्या गार माठाला आणि फुललेल्या मोगऱ्याला जे पाणी मिळतं ते याच डोंगरातून आलेलं आहे.

म्हणून एक विनंती. दारासमोर हातभर सावली असेल तर अक्षय्य तृतीयेला तिथे एक रांजण ठेवा. खाली तिवई, वर झाकण, काढायला लांब दांड्याचं ओगराळं आणि साखळीला बांधलेला पेला. रोज सकाळी तो धुऊन ताज्या पाण्याने भरा आणि मृग लागेपर्यंत रिकामा राहू देऊ नका.